ठोकळ्यावरचं अक्षर

पेटीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि कोणी मारलीच तरी ते वळून बघतील असं मला वाटत नाही. या माणसाने चौतीस वर्षं दगड पेटीत भरले. थट्टा नाही, तो त्यांचा पगारी धंदा होता. जमिनीत खोल भोक पाडणारं यंत्र आतून दगडाची लांब दांडी कापून वर काढतं, मनगटाएवढी जाड. ती दांडी लाकडी पेटीच्या खणांत मांडायची, पुस्तकातल्या ओळींसारखी. डावीकडून उजवीकडे, एक ओळ संपली की खालची. यंत्राची एक खेप संपली की तिथे लाकडाचा छोटा ठोकळा ठेवायचा आणि किती मीटर खोल गेलो तो आकडा त्यावर लिहायचा. पुढे साहेब लोक येऊन ते दगड वाचायचे आणि खाली तांबं आहे की नाही ते ठरवायचे. काकांचं काम फक्त ओळ न चुकवण्याचं.

ते त्यांनी इतकं अंगात मुरवून घेतलं की माझ्या दुकानात कागद ठेवतानासुद्धा डावी बाजू डावीकडे आहे ना, हे दोनदा बघतात. लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "राहून गेलं." जसं काही दूध आणायचं राहून गेलं.

माझं दुकान झेरॉक्सचं. पुढे दोन यंत्रं, मागे एक खोली, खोलीत टेबल आणि न जुळणाऱ्या पाच खुर्च्या. तिथे रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी तीन म्हातारे येऊन बसतात. एक मास्तर, गणिताचे, निवृत्त. त्यांना आलेख काढल्याशिवाय अन्न पचत नाही. दुसरे दंतवैद्य, तेही निवृत्त. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघून त्यांचा कशावरच विश्वास राहिलेला नाही. तिसरे पेटीकाका. तिघांना मोबाईलवर बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून कंपनीने काही जाहीर केलं की मी ते मोठ्या टायपात छापून देते. पानाचे पैसे घेते, उपकार करत नाही. आणि रोज तेच ऐकून ऐकून मीही थोडे शेअर घेतले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

सगळा वाद एकाच कंपनीवरून. लहानशी कंपनी, एकच टेकडी, टेकडीखाली म्हणे तांबं. आम्ही शेअरलाही 'टेकडी'च म्हणतो. "टेकडी आज कशी आहे?" "सर्दी झालीय." म्हणजे भाव पडला. "टेकडी भाव खातेय." म्हणजे चढला.

पण काकांची आणि त्या टेकडीची ओळख आमच्यासारखी कागदावरची नव्हती. ते आणि त्यांचे थोरले बंधू, ज्यांना ते दादा म्हणत, दोघेही त्याच टेकडीत कामाला होते, जुन्या खाणीच्या काळात. काका वर पेट्यांच्या शेडमध्ये. दादाही तिथेच, पण नमुने आणायला अधूनमधून खाली उतरायचे. सव्वीस वर्षांपूर्वी एका दुपारी खालच्या पातळीचं छत बसलं. तीनशे बारा मीटर. खाली अडकलेल्या तिघांपैकी दोघांना बाहेर काढलं. दादा सापडले नाहीत, जिवंतही नाहीत आणि मेलेलेही नाहीत. महिनाभराने खाण बंद झाली. पुढे कोणी एक ट्रकवाला सांगत होता की त्या संध्याकाळी टेकडीच्या पलीकडे खाणीच्या जुन्या तोंडातून मातीने माखलेला एक माणूस बाहेर पडला आणि रस्त्याने निघून गेला. ट्रकवाल्यांचं काय, ते काहीही सांगतात.

दादांची बायको म्हणजे काकांच्या वहिनी. आम्ही सगळेच तिला वहिनी म्हणतो. तेव्हा खाणीच्या कचेरीने भरपाईचा कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, पती मयत. वहिनी म्हणाली, "सापडले नाहीत असं लिहा, आत्ता सही करते." कारकून म्हणाला, तसा रकाना नाही. तिने सही केली नाही, पैसे घेतले नाहीत. इस्पितळात चादरी-अभ्रे मोजून देण्याच्या खोलीत नोकरीला लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. वरच्या मजल्यावर ती, खालच्या मजल्यावर काका, जेवण एकत्र. काकांचं लग्न का राहून गेलं हे कळायला फार हुशारी लागत नाही, पण वाईट अर्थ काढू नका. हरवलेल्या भावाचं घर कोणीतरी धरून ठेवायला हवं होतं, इतकंच.

नव्या कंपनीने टेकडी पुन्हा उघडली तेव्हा निवृत्तीचे सगळेच्या सगळे पैसे वहिनीने त्यात घातले. आम्ही तिघाचौघांनी समजावलं. ती ऐकून घेते आणि मग करायचं तेच करते.

गेल्या वर्षी एका सकाळी कंपनीचं नवं पत्रक आलं. पहिल्या भोकाचे निकाल, आणि खाली पेटीचा फोटो. मी मोठा करून छापला. मास्तर खूश झाले, कारण दगडात हिरवट चमक दिसत होती. दंतवैद्य म्हणाले, हिरवं काय, शेवाळंही असतं. काकांनी कागद उचलला, खिडकीपाशी नेला, परत आणला, आणि मला म्हणाले, "हा ठोकळा एवढा मोठा करून देशील?" त्यांनी हाताने ताटाएवढा आकार दाखवला.

मी करून दिला. ठोकळ्यावर एकशे नव्वद असा आकडा, काळ्या शाईत. नऊची शेपटी वर वळलेली. आकड्याखाली दोन रेघा, दुसरी पहिलीपेक्षा आखूड.

"दादाचं अक्षर आहे," काका म्हणाले.

मी हसले. आता लाज वाटते, पण हसले.

"आणि ओळ बघ. उलटी आहे." त्यांनी बोट ठेवलं. "ठोकळा खेपेच्या शेवटी येतो, म्हणजे उजवीकडे. इथे डावीकडे आहे. दादा डावखुरा. पेटी उजव्या टोकाकडून भरायला लागायचा, नकळत. साहेब ओरडायचा. मग संध्याकाळी सगळे गेले की मी त्याच्या ओळी फिरवून नीट लावायचो. सात वर्षं लावल्या."

मास्तरांनी कागद पुढे ओढला.

"लाकूड नवं दिसतंय," ते म्हणाले. "पांढरं आहे. शाई ताजी. भोक गेल्या महिन्यातलं. म्हणजे लिहिणारा आज हयात आहे. म्हणजे काम खरं चालू आहे."

"म्हणजे भाव दुप्पट, असंच ना?" दंतवैद्य कडाडले. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अहो, जुन्या शेडमधले दगड काढून नव्या पेट्यांत मांडलेत. कोणीतरी जुन्या ठोकळ्यांवरून अक्षर गिरवलंय, आणि जुनी ओळ जशी होती तशी उचलून ठेवलीय. लिहिणारा कधीच गेला. तांबंही नाही. विका आणि मोकळे व्हा."

"जिभेला काही हाड?" मी म्हणाले. "कुणाचा तरी नवरा आहे तो."

पण वाद तिथे संपला नाही. उलट त्या दिवसापासून त्याला भलतंच वळण लागलं. दादा जिवंत असतील तर टेकडी खरी आणि शेअर सोन्याचा. दादा गेलेले असतील तर टेकडी खोटी आणि शेअर रद्दीचा. दर पंधरा दिवसांनी नवा फोटो यायचा, त्यात तेच अक्षर, तीच उलटी ओळ. मास्तर म्हणायचे, "दादा आहेत, घ्या अजून." दंतवैद्य म्हणायचे, "दादा नाहीत, काढा." एखाद्या माणसाचं जगणं-मरणं बाजाराच्या भावासारखं रोज सकाळी सव्वानऊला उघडतं आणि आपण कागद छापून देतो, याचा मला वैताग यायचा. पण खरं सांगते, फोटो आला की सगळ्यात आधी मीच भिंग लावायचे.

काकांनी हे वहिनीला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं टेकडीनेच. कंपनी पत्रकं पोस्टाने पाठवते, हे आम्ही कोणी लक्षातच घेतलं नव्हतं.

एक दिवस ती स्वतः दुकानात आली. मागच्या खोलीत कधी यायची नाही, त्या दिवशी आली आणि काकांच्या शेजारी बसली. म्हाताऱ्यांनी वाद घालायचा प्रयत्न केला, पण तिच्यासमोर जमेना. तिने ताजा फोटो समोर घेतला. दोनशे एकाहत्तर.

"एक्केचाळीस राहिले," ती म्हणाली.

"कशाला?" मास्तरांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते आलेख गुंडाळायला लागले.

तीनशे बारा. भोक रोज थोडं थोडं त्या पातळीकडे चाललं होतं. नंतर ती दर पत्रकाला यायची, भाव विचारायची नाही, फक्त खोली विचारायची, आणि वजाबाकी करून निघून जायची. मला तिची भीती वाटायला लागली. मी इतक्या वर्षांत तिला घाबरले नव्हते. तिला वाटत होतं तरी काय, यंत्र खाली पोचलं की काय वर येणार होतं, हे विचारायची छाती मला झाली नाही.

मग कंपनीने भागधारकांना काम बघायला बोलावलं. सकाळी बस, चार तास प्रवास, संध्याकाळी परत. आम्ही चौघं गेलो. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बघून या. मला बस लागते." तिला बस लागत नाही. पण काकांनी मान डोलावली.

टेकडी मला वाटली होती तेवढी मोठी नव्हती. पिवळ्या हेल्मेटातल्या अधिकाऱ्याने आम्हाला यंत्र दाखवलं, नकाशा दाखवला, भाषण केलं. मास्तर वहीत लिहीत होते, दंतवैद्य तोंड वाकडं करून उभे होते. काका माझ्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "शेड तिथंच आहे. चल."

लांबट पत्र्याची शेड, दोन्ही टोकांना दारं. आत भर दुपारीही गारवा. कमरेएवढ्या उंचीची टेबलं एकापुढे एक, आणि त्यांवर पेट्या, पेट्या, पेट्या. दगड नुकतेच पाण्याने पुसलेले होते. ओले असले की आतले रंग उठून दिसतात, काकांनी सांगितलं. कुठेतरी नळ ठिबकत होता. एवढे दगड एका जागी ओळीने झोपलेले बघून माझा आवाज आपोआप खाली आला.

एक तरुण कारकूनबाई टेबलापाशी वजन करत होती. काकांनी तिला विचारलं, ठोकळे कोण लिहितं?

"काका लिहितात," ती म्हणाली. "चहाला गेलेत. येतील पाच मिनिटांत."

"कोण काका?" मी म्हणाले.

"नाव नाही माहीत. सगळे काकाच म्हणतात. वय झालंय, पण हात स्थिर आहे बघा." ती पेटीकाकांकडे बघून हसली. "तुमच्याच वयाचे असतील, थोडे मोठे."

"जुन्या खाणीत होते का?"

"बोलत नाहीत फारसे." आणि ती वजनाचा कागद घेऊन दुसऱ्या टोकाच्या दाराने बाहेर गेली.

शेवटच्या टेबलावर अर्धी भरलेली पेटी होती. स्टूल पेटीच्या उजव्या टोकाला ओढून ठेवलेलं. ओळ उजवीकडून सुरू झालेली, डावीकडचा भाग रिकामा. तिथे ठोकळा होता, त्यावर तीनशे अकरा, दोन रेघा, दुसरी आखूड. शेजारी एक कोरा ठोकळा, आणि त्याच्यावर टोपण काढलेला मार्कर. मी बोट लावलं. तीनशे अकराची शाई बोटाला लागली.

पेटीकाकांचे दोन्ही हात त्या ओळीकडे गेले. ते ती फिरवून नीट लावणार हे मला कळलं. त्यांचे हात माझ्या मनाआधी तिथे पोचले होते. मग त्यांनी हात मागे घेतले आणि खिशात घातले. ओळ उलटीच राहिली.

"बसा," मी म्हणाले. "पाचच मिनिटं. चार तास आलोय आपण."

ते बसले नाहीत. आम्ही दोघं उभी राहिलो. नळ ठिबकत होता. मला आठवतं, मी मनातल्या मनात दंतवैद्यांची बाजू घेत होते. कोणीतरी अनोळखी म्हातारा येऊ दे, जुनं बघून नवं लिहिणारा, पोटासाठी. मग मास्तरांची बाजू घेत होते. मग कोणाचीच नाही.

बाहेर खडीवर पावलं वाजली. सावकाश, एक पाय किंचित ओढत, मधेच थांबून पुन्हा. शेडच्या दाराकडे येत होती.

काकांनी माझं मनगट धरलं. या माणसाने चौदा वर्षांत माझ्या हाताला स्पर्शही केला नव्हता. त्यांनी मला दुसऱ्या दाराने अक्षरशः ओढत बाहेर काढलं, वजनकाट्याजवळून, तारेच्या कुंपणाजवळून, थेट बसपर्यंत. मी, जी समोरच्या घरात कोण आलं ते पडदा सारून बघते, ती मी एकदाही वळून बघू शकले नाही.

बसमध्ये मी त्यांना सोडलं नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण एवढी झाकायची? दोन मिनिटं थांबला असता तर सोक्षमोक्ष लागला असता!"

काका खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "परका निघाला असता, तर वहिनीला दादा मेल्याचं पुन्हा सांगावं लागलं असतं. आणि दादा निघाला असता..." त्यांनी घड्याळात बघितलं. "आपण किती वाजता निघालो सकाळी?"

"सातला."

"अकराला पोचलो. चार तास." ते म्हणाले. "सव्वीस वर्षं, आणि चार तास. हे मी तिला कसं सांगणार होतो?"

पुढच्या सीटवर मास्तर दगडातली चमक कशी असते ते कोणाला तरी समजावत होते. दंतवैद्य म्हणत होते, चमक तर सोनेरी दातालाही असते. त्यांचा तो वाद अजूनही मिटलेला नाही. टेकडी अजून बाजारात आहे, कधी सर्दी होते, कधी भाव खाते. लिहिणारा कोण होता ते मला आजही माहीत नाही, आणि मी पुन्हा तिथे गेले नाही.

वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर उभी होती. हातात शेअरच्या कागदांची पिशवी.

"सगळे वीक," ती म्हणाली. "शेअरचं खातंही बंद कर."

"वहिनी, भाव वर आहे, अजून जाईल म्हणतात. आणि खोली... आता फक्त एक मीटर..."

"भाऊजींनी सांगितलं मला. चहाला गेले होते म्हणे ते. आणि भाऊजी थांबले नाहीत."

मी खातं बंद करायचा अर्ज काढला आणि भरायला बसले. तिचे अर्ज नेहमी मीच भरते. विवाहित, अविवाहित, विधवा, असा एक रकाना त्यात असतो. इतकी वर्षं ती तिथे विवाहित लिहायला लावायची आणि मी एक अक्षर न बोलता लिहायचे. सवयीने मी पेन तिथे नेलं.

"थांब," ती म्हणाली. "विधवा लिही."

माझा हात थांबला. "वहिनी, तो कोण होता ते कुठे कळलंय आपल्याला? कोणी परकाही असेल."

"परका असता तर भाऊजी थांबले असते. चार गोष्टी विचारल्या असत्या, हातातला चहा घेतला असता आणि येऊन मला सगळं सांगितलं असतं." ती शांत होती. मला रडणारी वहिनी झेपली असती. ही झेपत नव्हती. "त्यांनी चाल ओळखली. खडीवरची."

पावलांचं मी तिला सांगितलं नव्हतं. काकांनी सांगितलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि नंतर काकांना ते विचारलं नाही.

"टेकडीखाली असलेल्या माणसासाठी मी सव्वीस वर्षं बसले, त्याचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. "अजूनही बसले असते. पण चार तासांवर चहा पिणाऱ्या माणसासाठी नाही. लिही तू."

"पण ते जिवंत असतील तर हे खोटं होईल, वहिनी."

तिने अर्ज माझ्याकडे सरळ केला, डावी बाजू डावीकडे, आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"जिवंत आहेत म्हणूनच लिही," ती म्हणाली.